थ्रेशर, कुट्टी मशीन आणि जिनिंग: १४ ते १८ वयाची पोरं कामावर असताना पाळायचे नियम

सोयाबीनची सोंगणी आटोपली की वावरात सुड्या (कापलेल्या पिकाचे रचलेले ढीग) उभ्या राहतात. मग आभाळ भरून आलं की साऱ्यांचा जीव खालीवर होतो, आणि गावातल्या दोन-चार थ्रेशरांमागे अख्खं गाव लागतं. दिवाळीची सुट्टी त्याच दिवसांत येते. मोठे मजूर मिळत नाहीत, म्हणून नववी-दहावी-अकरावीची पोरं कामाला येतात. थ्रेशरवाल्याचे पैसे पोत्यावर असतात, तासावर नसतात. मशीन थांबली की त्याचं नुकसान, त्यामुळे अडकलेला पाला मशीन चालू ठेवूनच हाताने ओढायची खोड तिथूनच लागते. खालचे सारे नियम दोन गोष्टींभोवती आहेत: मशीन थांबवायचा हक्क कोणाला, आणि कोणी किती दूर उभं राहायचं. हेल्मेट-गॉगल त्यानंतर.

आधी वय बघा

पोरगा अंगाने थोराड आहे म्हणून तो अठराचा होत नाही. शाळेचा दाखला किंवा टीसी बघा आणि जन्मतारीख वहीत लिहून ठेवा. १९८६ च्या बाल व किशोरवयीन कामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून १४ वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवता येत नाही. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत आपल्याच घरच्यांना मदत करायची मुभा आहे, पण ती धोक्याच्या कामांना लागू नाही. ट्रॅक्टर, मळणीयंत्र किंवा कापणीयंत्र चालतं ती शेतीकामं आणि चारा कापणी या मनाईच्या यादीत येतात. म्हणजे बारा वर्षांच्या मुलाने स्वतःच्या बापाच्या कुट्टी मशीनवर कडबा लावणंही बसत नाही.

१४ ते १८ म्हणजे किशोरवयीन. धोक्याची नाहीत अशा कामांवर त्याला ठेवता येतं, पण वेळेची बंधनं आहेत आणि कायद्याच्या व्याख्येत शेतही येतं. सलग ३ तासांपेक्षा जास्त काम नाही, त्यानंतर निदान १ तास सुट्टी. ती सुट्टी आणि काम सुरू व्हायची वाट बघण्यात गेलेला वेळ धरून दिवसाचे ६ तास. संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम नाही, ओव्हरटाइम नाही, आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी. रात्री ट्रॅक्टरचे लाईट लावून थ्रेशर चालतं तिथे हा पोरगा नकोच. दिवसभर दुसऱ्याच्या वावरात राबून रात्री आपल्याकडे येतो म्हणत असेल तरी नको, कारण एकाच दिवशी दोन ठिकाणी काम करायलाही मनाई आहे. बेकायदा कामावर ठेवणाऱ्याला ६ महिने ते २ वर्षं कैद किंवा २० ते ५० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

ट्रॅक्टर चालवायला अठरा वर्षं आणि लायसन लागतं. 'वावरातल्या वावरात' म्हणून पोराच्या हाती स्टिअरिंग देऊ नका. थ्रेशर जोडायला ट्रॅक्टर मागे घेतात तेव्हा ट्रॅक्टर आणि थ्रेशरच्या मध्ये पिन धरून पोरालाच उभं करतात, हे तर अजिबात नको. क्लच सुटला तर मधल्या माणसाला हलायलाही जागा नसते. ट्रॅक्टर थांबवा, न्यूट्रल करा, हँडब्रेक लावा, ड्रायव्हर खाली उतरू द्या, मग मोठ्या माणसाने पिन टाकावी.

फक्कीची रेघ

थ्रेशर आधी सपाट, कडक जागेवर लावा. चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ओंडके लावा. कुटार (मळणीतला भुसा) वाऱ्याच्या दिशेने उडेल आणि ट्रॅक्टर वाऱ्याच्या वरच्या अंगाला राहील असं तोंड ठेवा. उलटं लावलं तर कुटार गरम सायलेन्सरवर आणि माणसांच्या डोळ्यांत जातं. वर विजेच्या तारा आहेत का ते बघा. सुडीवर चढलेल्या माणसाच्या हातातला लोखंडी काटा तारेपर्यंत पोहोचतो हे खालून लक्षात येत नाही.

मग फक्की (रेघा मारायची पांढरी भुकटी) किंवा राख घ्या आणि थ्रेशर, पीटीओ शाफ्ट (ट्रॅक्टरची ताकद थ्रेशरला देणारा फिरता दांडा) आणि ट्रॅक्टरची मागची चाकं यांच्याभोवती ३ मीटर सोडून रेघ मारा. कुटार पडतं त्या बाजूला ६ मीटर. मशीन चालू असताना या रेघेच्या आत अठराच्या खालचं कोणी येणार नाही, एवढा एकच नियम पोरांना पाठ झाला तरी मोठं काम होतं. 'मशीनपासून लांब राहा' हे सांगणं कोणाच्या लक्षात राहत नाही, पण रेघ डोळ्यांनी दिसते. दुपारपर्यंत ती कुटाराने बुजते, म्हणून जेवणानंतर पुन्हा मारा.

रेघेबाहेर पोरांना काम कमी नाही. सुडीवरून पेंढ्या काढून रेघेपर्यंत आणणं, ताडपत्री ओढणं, भरलेल्या कट्ट्यांची तोंडं शिवणं, कट्टे मोजून लिहिणं, पाणी देणं. सोयाबीनचा भरलेला कट्टा ५० ते ६० किलोचा असतो, तो पोराच्या पाठीवर देऊ नका. अर्धा भरून दोघांनी उचलावा. आणि सुडी खालून उपसायला लावू नका, वरचा भार अंगावर येतो. वरून थराथराने काढायची.

पीटीओ शाफ्ट

ट्रॅक्टरपासून थ्रेशरला फिरवणारा शाफ्ट बहुतेक ट्रॅक्टरांवर मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. शाफ्ट ५ सेंटिमीटर जाड धरला तर एका फेऱ्यात साधारण १६ सेंटिमीटर कापड गुंडाळलं जातं आणि एका सेकंदात जवळजवळ दीड मीटर. गळ्यातला दुपट्टा दोन मीटरचा. त्याचं टोक शाफ्टला लागलं की 'अरे बंद कर' म्हणायलाही वेळ मिळत नाही. शाफ्ट गुळगुळीत असला तरी कापड धरतो. जॉइंटजवळ मूळ पिनऐवजी लांब बोल्ट घातलेला असला किंवा सुतळी, तार गुंडाळलेली असली तर आणखी लवकर धरतो. बोल्ट बाहेर डोकावत असेल तर कापून टाका आणि योग्य मापाची, स्प्रिंगने बसणारी पिन घाला.

शाफ्टवर प्लॅस्टिकची नळी असते. ती शाफ्टबरोबर फिरू नये म्हणून तिला बारीक साखळी असते. ती साखळी थ्रेशरच्या किंवा ट्रॅक्टरच्या न हलणाऱ्या भागाला अडकवा. इंजिन बंद असताना नळी हाताने फिरवून बघा: शाफ्ट जागेवर राहून नुसती नळी फिरली तर ठीक. शाफ्टला चिकटून बसली असेल तर आतली बेअरिंग गेली, आणि अशी नळी असून नसल्यासारखी. ट्रॅक्टरच्या मागे शाफ्ट निघतो तिथलं पत्र्याचं झाकण बऱ्याच ट्रॅक्टरांवरून 'अडचण होते' म्हणून काढून टाकलेलं असतं. ते शोधून पुन्हा बसवा.

नळी मिळेपर्यंत काम थांबत नसेल तर शाफ्टच्या दोन्ही बाजूंना दीड मीटरवर बल्ल्या ठोकून कमरेएवढा आडवा बांबू बांधा. शाफ्ट ओलांडून कोणी जाणार नाही, ड्रायव्हरसुद्धा. ट्रॅक्टरला वळसा घालायचा.

थ्रेशरचं तोंड

तोंडावर उभं राहून पेंढ्या लावणं हे अठरा पूर्ण झालेल्या आणि शिकलेल्या माणसाचंच काम. तरी ते कसं करतात हे पोरांनाही माहीत हवं, कारण 'जरा दोन मिनिटं धर, मी आलो' म्हणून जागा सोपवली जाते ती त्यांच्याचकडे.

पेंढी घालायचा पत्र्याचा पाट निदान ९० सेंटिमीटर लांब असावा आणि ड्रमकडचा ४५ सेंटिमीटर भाग वरून झाकलेला असावा. हिशोब सरळ आहे: माणसाचा हात खांद्यापासून बोटांपर्यंत ६५-७० सेंटिमीटर भरतो, तेव्हा पाटाच्या बाहेरच्या टोकाला उभ्या माणसाची बोटं फिरत्या ड्रमच्या दातांपर्यंत पोहोचत नाहीत. पेंढ्या भराभर जाव्यात म्हणून हे झाकण काढून किंवा पाट कापून छोटा केलेली मशीन वावरात उभी करू नका. भाड्याने बोलावताना फोनवरच विचारा, आणि आल्यावर टेप लावून मोजा. थ्रेशरवाल्याला राग आला तरी चालेल.

उभं राहायची जागा कोपर पाटाच्या उंचीला येईल एवढी आणि पक्की हवी. पेंढ्यांच्या ढिगावर, पोत्यावर, ट्रॉलीच्या काठावर उभं राहिलं की पाय घसरतो आणि तोल जातो तो नेमका ड्रमकडे. लाकडी पाटा चार दगडांवर पक्का टेकवा, तो हलत नाही याची खात्री करा. मशीनच्या टपावर चढून पायाने पेंढी लोटणं हा तर पाय गमावण्याचा रस्ता, आणि दर हंगामात हे करणारा कोणीतरी दिसतोच.

पेंढी शेंड्याकडून, थोडी-थोडी, सुटी करून घाला. अख्खी गाठ कोंबली की ड्रम घरघरतो, पट्टा घसरतो आणि तोंडात पाला अडकतो. सकाळच्या दवात भिजलेलं सोयाबीन आणि त्यात गुंतलेल्या वेली याने सगळ्यात जास्त अडकतं. दहा-साडेदहापर्यंत ऊन खाऊ द्या, वेली आधीच काढून टाका. एवढ्याने अडकणं निम्म्यावर येतं आणि हात आत घालायची वेळच येत नाही. बियाण्यासाठी काढत असाल तर तसाही ड्रम हळूच चालवायचा असतो: दाण्यात १४ टक्के ओल असेल तर मिनिटाला ४०० ते ५०० फेरे, १३ टक्के असेल तर ३०० ते ४००. बियाण्याची डाळ होत नाही, उगवण चांगली राहते, आणि मंद ड्रम पेंढीही तितक्या जोराने ओढत नाही.

पेंढी पुढे सारायची तर तीन-साडेतीन फुटांची लाकडी काठी घ्या. लोखंडी सळई किंवा काटा नको, तो आत ओढला गेला तर ड्रमचे दात तुटून उडतात. काठीची दोरी मनगटाला बांधू नका. आत जायला लागली तर काठी सोडून द्यायची.

पाला अडकला तर

अपघात होतो तो जास्त करून इथे. खालचा क्रम कोणी घाईत बदलू नये.

१. पेंढी घालणं थांबवा आणि शिटी वाजवा. मशीनच्या आवाजात ओरडणं ऐकू जात नाही. एक लांब शिटी म्हणजे 'बंद करा', दुसरा अर्थ नाही. शिटी खिशात ठेवा, दोरीने गळ्यात घालू नका.

२. ड्रायव्हरने पीटीओचा दांडा काढावा, मग इंजिन बंद करून चावी काढून स्वतःच्या खिशात टाकावी. बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांवर चावी फिरवून इंजिन बंद होत नाही, डिझेल तोडणारी स्टॉपची मूठ ओढावी लागते. ती मूठ आणि पीटीओचा दांडा कुठे आहे हे रेघेबाहेरच्या प्रत्येक पोराला पहिल्याच दिवशी दाखवा आणि एकेकाकडून इंजिन बंद करून घ्या. ड्रायव्हर चहाला गेला असेल तर शाफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला तेच पोरगं वाचवणार असतं.

३. थांबा. जड ड्रम आणि पुली इंजिन बंद झाल्यावरही बराच वेळ फिरत राहतात. आवाज बंद झाला म्हणजे ड्रम थांबला असं नाही. पुलीवर खडूने एक आडवी रेघ मारून ठेवा. ती रेघ स्थिर दिसेपर्यंत हात लावायचा नाही.

४. झाकण उघडून पाला काठीने किंवा लांब आकड्याने ओढा. ड्रम हाताने उलटा फिरवायचा असेल तर ज्याचा हात आत आहे त्यानेच फिरवावा, दुसऱ्याने नाही. दोघे असले की एकाचा हात आत आणि दुसऱ्याने 'जरा जोर लावतो' म्हटलं, एवढ्यात बोटं जातात.

५. झाकण बंद, अवजारं बाहेर, माणसं मोजा. सगळे रेघेबाहेर दिसले की दोन छोट्या शिट्ट्या. ड्रायव्हरने हात वर करून उत्तर द्यावं, मग इंजिन चालू करून मशीन रिकामी फिरवावी आणि मगच पेंढी.

या सगळ्याला पाच मिनिटं लागतात. पोत्याच्या हिशोबात ती थ्रेशरवाल्याच्या डोळ्यांवर येतात, म्हणून भाव ठरवतानाच बोलून ठेवा: "भाऊ, अडकलं की बंद करूनच काढायचं, त्याचा वेळ आमच्याकडे लागला." शंभर-दोनशे रुपये जास्त गेले तर जाऊ द्या.

चालू पट्टा घसरतो म्हणून त्याला राळ लावायला, चालू मशीनला ग्रीस द्यायला, चाळणीवरचं कुटार हाताने झाडायला पोराला पाठवतात, कारण त्याचे हात बारीक असतात आणि तो नाही म्हणत नाही. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २२ व्या कलमात चालू यंत्राची सफाई, तेलपाणी आणि जुळवाजुळव यांना हात लावायला अठराखालच्या कामगाराला मनाई होती. वावराला कारखान्याचा कायदा नसेल लागत, पण पट्टा आणि पुली दोन्हीकडे सारखीच. पट्टा घसरत असेल तर मशीन बंद करून ताण द्या किंवा बदला.

अंगावर काय असावं, काय नसावं

दुपट्टा, ओढणी, शेला, सैल बाह्यांचा शर्ट, लोंबती नाडी, हातातलं कडं, राखी, गंडादोरा, अंगठी, गळ्यातली साखळी हे सगळं रेघेपाशी येण्याआधी काढून पिशवीत. गंडादोरा काढायला घरच्यांची ना असेल तर त्यावर बाही ओढून बटण लावा. शर्ट पँटमध्ये खोचलेला, केस बांधून टोपीत. धुळीसाठी नाकाला रुमाल बांधायचा असेल तर दोन्ही टोकं मागे गाठीत खोचा, नाहीतर साधा मास्क बरा. डोळ्यांना गॉगल हवा, सोयाबीनच्या शेंगांचे तुकडे गोळीसारखे येतात.

हातमोजे मात्र फिरत्या भागाजवळ घालू नका. नुसता हात लागला तर बोट खरचटून सुटतंही, सुताचा मोजा अख्खा पंजा ओढून नेतो. पायात चप्पल नको, बंद बूट. कानात इअरफोन नको. मोबाईल पिशवीत, कारण चालू थ्रेशरसमोर व्हिडिओ काढणारी पोरं मागे-मागे सरकत शाफ्टवर जातात.

कुट्टी मशीन

थ्रेशरला निदान चार माणसं असतात. कुट्टीला सकाळी गोठ्यात एकटं पोरगं असतं, म्हणून आम्ही ती जास्त धोक्याची मानतो. कडबा दोन दातेरी रोलांमध्ये जातो आणि पुढे जड चाकावरची दोन-तीन पाती तो कापतात. बोट रोलांत गेलं की मागे ओढून निघत नाही, कारण रोल तर ओढायलाच बनवलेले आहेत. इथेही पाट ९० सेंटिमीटरचा आणि रोलांकडे झाकलेला हवा. ज्या मशीनला पुढे, न्यूट्रल आणि उलटा असा दांडा आहे तीच घ्या, आणि तो दांडा कडबा लावणाऱ्याच्या हाताला किंवा गुडघ्याला सहज लागतो का ते विकत घेण्याआधी उभं राहून बघा. आखूड उरलेला कडबा हाताने सारायचा नाही, पुढच्या लांब पेंढीने ढकलायचा. पातं असलेल्या चाकावर जाळीचं झाकण, आणि काम झालं की चाकात कुलपाची पिन, म्हणजे लहान मुलांनी फिरवून पाहायला नको.

विदर्भात एक वेगळाच धोका आहे: लाईट. शेतीच्या फीडरला कधी दिवसा, कधी रात्री वीज मिळते, म्हणून मोटारीच्या स्टार्टरला ऑटो लावलेला असतो. त्याच स्टार्टरवरून कुट्टीची मोटार घेतलेली असली की असं होतं: लाईट जाते, मशीन थांबते, पोरगं अडकलेला कडबा काढायला हात घालतं, लाईट येते आणि मोटार आपोआप सुरू होते. कुट्टीला ऑटो असूच नये. तिचा स्टार्टर वेगळा ठेवा, वीज गेल्यावर स्वतःहून बंद पडणारा आणि पुन्हा बटण दाबल्याशिवाय चालू न होणारा. हात आत घालण्याआधी मेन स्विच खाली करा आणि तीनही फ्यूजच्या ग्रिपा काढून ज्याचा हात आत जाणार त्याच्याच खिशात ठेवा. मोटारीच्या बॉडीला अर्थिंग आहे का ते वायरमनकडून दर वर्षी पावसाळ्याआधी तपासून घ्या, गोठ्यातली ओली जमीन करंट लगेच धरते.

पाती लावणं आणि धार काढणं हे मोठ्यांचं काम. चाकात लाकडी ठोकळा अडकवून मगच पान्याला हात लावावा, नाहीतर एक बोल्ट सैल होताच चाक वजनाने फिरतं.

जिनिंग

वणी, हिंगणघाट, खामगाव, अकोट या पट्ट्यात कापसाचा हंगाम चालू झाला की कंत्राटदार जिनिंगसाठी, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायच्या कारखान्यासाठी, गावोगावची पोरं गोळा करतो. इथे थोडक्यात, कारण जिनिंगमध्ये किशोरवयीनाला द्यायची जागाच फार कमी आहे. फिरत्या रोलरवरची सरकी किंवा रुई हाताने काढणं, कन्व्हेयरखाली झाडणं, धुळीच्या खोलीत उतरणं, प्रेसच्या पेटीत वाकून रुई दाबणं, गाठीची पट्टी बांधणं, यांतलं काहीही नाही. एक गाठ साधारण १७० किलोची, ती घरंगळली तर पाय चिरडते. गाठी बांधायच्या विभागात रुई पिंजणारी मशीन चालते तिथे १५ वर्षांखालच्या मुलांना कारखाना कायद्याने पूर्ण मज्जाव केलेला होता. १४ ते १८ च्या कामगाराला डॉक्टरांच्या तंदुरुस्तीच्या दाखल्याशिवाय कारखान्यात घेता येत नव्हतं, आणि धोकादायक मशीनवर तर शिकवल्याशिवाय किंवा जाणकार माणसाच्या देखरेखीशिवाय उभंच करता येत नव्हतं. मॅनेजर दाखला मागत नसेल तर बाकीचे नियमही तिथे पाळले जात नाहीत असं समजा.

कापसाचा ढीग खेळायची जागा वाटते. खालून कापूस ओढत गेलं की वरचा कडा एकदम खाली येतो आणि आत सापडलेल्याचा श्वास कोंडतो, आवाजही बाहेर येत नाही. ढिगाखाली एकट्याने जायचं नाही. कापसात आलेला खडा, खिळा किंवा तारेचा तुकडा मशीनमध्ये ठिणगी पाडतो, म्हणून बाहेरच्या बाजूला बसून कापसातला असा कचरा वेचणं हे पोरांसाठी त्यातल्या त्यात बरं काम. बिडी आणि लायटर गेटवरच.

आगीचं थ्रेशरलाही तेवढंच खरं. वाळलेलं कुटार आणि ट्रॅक्टरचा गरम सायलेन्सर जवळ असला की दोनशे लिटरचा पाण्याने भरलेला एक ड्रम आणि बादल्या आधीच जागेवर ठेवा, विहीर दोन वावरं पलीकडे असून उपयोग नसतो.

पोरांनी नाही कसं म्हणायचं

पोरगं घाबरतं ते मशीनला कमी आणि मालकाला जास्त. 'एवढंही जमत नाही का' ऐकायचं नसतं, आणि दिवसाचे पैसे कापले जातील ही भीती असते. त्याला वाद घालायला शिकवून उपयोग नाही, एक वाक्य द्या: "काका, पहिले मशीन बंद करा, मग काढतो." यात नाही म्हणणं नाही, कामाची तयारी आहे, आणि पुढचं पाऊल मालकाचं आहे. तरी जबरदस्ती झाली तर रेघेबाहेर येऊन उभं राहायचं आणि घरी सांगायचं. १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाईन क्रमांक कुठल्याही फोनवरून फुकट लागतो. मालकाच्या घरातल्या बाईमाणसाला आधीच सांगून ठेवणं बरं. बऱ्याच ठिकाणी पहिला विरोध त्याच करतात.

लागलं तर

आधी मशीन बंद, मग माणूस. अडकलेला हात ओढू नका, ड्रम किंवा रोल इंजिनने उलटा फिरवू नका. पट्टा काढा, बोल्ट सोडा, झाकण उघडा, आणि मेकॅनिकला फोन लावतानाच दुसऱ्याने १०८ लावावा. वावराचा पत्ता सांगता येत नाही म्हणून गाडी फिरत राहते, तेव्हा रस्त्यावर दुचाकी घेऊन एकाला उभं करा.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर जोराने दाबून धरा. दहा मिनिटं उचलून बघायचं नाही, कापड भिजलं तर त्यावरच दुसरं. हात वर धरा. हळद, कॉफी पावडर, माती, रॉकेल यांतलं काही लावू नका, डॉक्टरांना ते धुण्यातच वेळ जातो. हात किंवा पाय तुटला असेल, किंवा दाबूनही रक्त चिळकांड्यांनी येत असेल, तरच आवळपट्टी. ती ५ सेंटिमीटर तरी रुंद कापडाची असावी, सुतळी किंवा तार नको. जखमेच्या चार बोटं वर, कोपरावर किंवा गुडघ्यावर नाही. त्यात काठी घालून रक्त थांबेपर्यंत पिळा, बांधल्याची वेळ पेनने कपाळावर लिहा आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत सैल करू नका.

तुटलेलं बोट किंवा पंजा शोधून बरोबर न्या. स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, आणि ती पिशवी बर्फ-पाण्याच्या दुसऱ्या पिशवीत ठेवा. बर्फ थेट लावला तर तो भाग गोठून मरतो आणि जोडता येत नाही. पंजा किंवा हात असेल तर सहा तासांच्या आत पोहोचायचं. रुग्णाला चहा-पाणी देऊ नका, भूल द्यावी लागेल. तालुक्याच्या दवाखान्यात रक्त थांबवून घ्या आणि तिथूनच विचारा, जोडायची सोय कुठे आहे. नागपूरला न्यायचं ठरलं तर आधी फोन करून निघा.

कागदही त्याच आठवड्यात करा. खातेदार शेतकऱ्याच्या घरातल्या पोराला लागलं असेल आणि वय १० च्या वर असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अर्ज करता येतो: एक हात, पाय किंवा डोळा कायमचा गेला तर १ लाख, दोन गेले किंवा मृत्यू झाला तर २ लाख रुपये. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, ३० दिवसांच्या आत, सातबारा, वयाचा पुरावा, पोलिसांचे कागद आणि डॉक्टरांचा दाखला जोडून. ज्या मजुराच्या नावावर जमीन नाही त्याच्या पोराला ही योजना लागत नाही, त्याचा दवाखाना आणि भरपाई कामावर ठेवणाऱ्याकडूनच मागावी लागते. त्यासाठी पोरगं कोणाकडे, कोणत्या तारखेपासून, किती मजुरीवर होतं हे लिहिलेली वही हाच पुरावा.